गव्हाणे बाईंचं अर्धं उत्तर

गव्हाणे बाईंच्या तासाला ‘नॉर्मल’ हा शब्द तोंडातून गेला की संपलंच. बाई ओरडत नसत. फळ्यापासून सावकाश चालत यायच्या, हातातला खडू तुमच्या बाकावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “जा, व्याख्या लिही.” मग तुम्ही फळ्यासमोर उभे. पाठीमागं अख्खा वर्ग, आणि डोक्यात एकही वाक्य धड येत नाही. ‘जे बहुतेक जण करतात ते’, असं लिहिलं की बाई विचारायच्या, “बहुतेक जण खोटं बोलतात. ते नॉर्मल का?” ‘जे निसर्गानुसार असतं ते’, असं लिहिलं की म्हणायच्या, “चष्मा काढून ठेव मग, निसर्गानं दिलेला नाही तो.” शेवटी माणूस खडू परत देऊन जागेवर येऊन बसायचा, आणि पुढं वर्षभर त्या शब्दाला वळसा घालून बोलायचा.

मी त्यांची विद्यार्थिनी, पुढं त्याच कॉलेजात त्यांच्याच मानसशास्त्र विभागात त्यांच्या हाताखाली लागले. इतकी वर्षं जवळून बघूनही बाईंचं वर्णन करायला बसलं की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतं ते त्यांचं घड्याळ. ते त्या तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला येईल असं बांधत. वेळ बघायची तर तळहात आकाशाकडं करावा लागे, दान मागितल्यासारखा. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “माझी वेळ मला कळली म्हणजे झालं, लोकांना कशाला दाखवायची?” उंच, हाडकुळा देह, कडक इस्त्रीची सुती साडी आणि उजव्या भुवईवर कायम खडूचा पांढरा ठिपका. मूळच्या परभणीकडच्या. बोलणं पुस्तकी, पण चिडल्या की पुस्तक बाजूला पडायचं आणि “उगं बस की रं!” असा परभणीचा हिसका यायचा.

त्यांचा एक तास कॉलेजभर प्रसिद्ध होता. दुसऱ्या वर्गातली पोरं तेवढ्यासाठी मागं येऊन बसत. विषय अभ्यासक्रमातलाच: माणसाचा लैंगिक कल म्हणजे काय आणि अभ्यासक त्याची वर्गवारी कशी करतात. इतर मास्तर या धड्याला “घरी वाचून घ्या” म्हणून मोकळे व्हायचे. बाई मात्र सुरुवात करायच्या चहापासून.

“ज्यांना चहा आवडतो त्यांनी हात वर करा.” निम्म्याहून जास्त हात वर.

“आता रोज चहा पितात त्यांनी.” काही हात खाली, काही नवे वर. एका पोराला चहा जिवापाड आवडायचा, पण पित्तामुळं बंद होता. फुलंब्रीहून शिकायला आलेली एक मुलगी चहाचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची. तिचा हात आता वर. “मावशीकडं राहते मॅडम. नाय म्हटलं की तिला राग येतो.”

“आणि स्वतःला चहाबाज म्हणवतात, ते?” दोनच हात. दिवसभर टपरीवर पडीक असलेला आमचा एक वर्गमित्र हाताची घडी घालून बसलेला. “आपण काय चहाबाज नाय, बाई. भेटला तर घेतो.” वर्ग खोखो हसायचा.

“आता सांगा, या वर्गात चहाबाज किती?”

कोणी आवडणारे मोजले, कोणी पिणारे, कोणी म्हणवणारे. प्रत्येकाचा आकडा वेगळा. हसणं ओसरू लागलं की बाई फळ्यावर तीन शब्द लिहायच्या: आकर्षण, वर्तन, ओळख. आणि वळून म्हणायच्या, “आता चहाच्या जागी माणूस ठेवा.”

वर केलेले हात बाकाखाली जायचे.

मग बाई शांतपणे सांगत जायच्या. सुरुवातीला डॉक्टरांनी याला रोगांच्या यादीत घातलं, पुढं काढलं. कोणी दोन खण केले, इकडचे आणि तिकडचे. कोणी म्हणालं खण नकोत, एक लांब पट्टी आखा, माणसं तिच्यावर कुठंही उभी असतात. कोणी म्हणालं एक पट्टी पुरत नाही. आज काय, पूर्वी काय होतं, मनातून काय हवं होतं, सगळं वेगवेगळं मोजा. काहींना कोणाचंच आकर्षण वाटत नाही, त्यांच्यासाठी पट्टीवर जागाच नव्हती, ती नंतर करावी लागली. आणि काही अभ्यासक म्हणतात, हे सगळे शब्दच कालपरवाचे. आपल्या पणजीच्या काळातल्या माणसांना ते लावायचे तरी का? “व्याख्या बदलली की आकडा बदलतो,” बाई म्हणायच्या. “माणसं तीच असतात. त्याच बाकांवर बसलेली.”

या तासाला त्यांचे दोन नियम होते. एक, जो प्रश्न स्वतःला विचारून बघितला नाही तो दुसऱ्याला विचारायचा नाही. दोन, ज्याची माहिती त्याची संमती. आणि संमती म्हणजे काय हे त्या इतकं घोकून घ्यायच्या की आम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता यावं. “गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. हसणं म्हणजे होकार नव्हे. मान हलवणं तर आपल्याकडं मुळीच नव्हे, आपण मान कशालाही हलवतो.”

आमच्या वर्षाला मागच्या बाकावरचा एक टगा उठला. “बाई, पहिल्या नियमानं तुम्ही पण उत्तर द्यायला पाहिजे. तुम्ही कुठं बसता?”

 बाई रागावल्या नाहीत. हसल्यासुद्धा थोड्या.

“रास्त प्रश्न. माझं उत्तर तयार आहे. पण ते अर्धं दुसऱ्या माणसाचं आहे. त्या माणसाची संमती मिळाली की वर्गात येऊन सांगेन.”

टगा खाली बसला. बाईंनी प्रश्नाला छान बगल दिली, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. पोरांनी त्यांचं नाव ‘संमतीबाई’ ठेवलं. ते बाईंना कळलं होतं. त्यांना ते आवडलंही असावं.

ते दुसरं माणूस मला पुढं भेटलं, बाईंच्या ज्योतीनगरच्या घरात.

सिंधू साबळे. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. बुटक्या, गोल, मोठ्यांदा हसणाऱ्या, बोटांना रंग आणि लोणच्याचा खार दोन्ही लागलेला. मूळ गाव फुलंब्रीच्या पुढं. लग्न झालं होतं. सासरी सात-आठ महिने काढून परत आल्या, त्या पुन्हा गेल्याच नाहीत. ‘नांदली नाही’ असं गावानं एका वाक्यात लिहून टाकलं आणि विषय मिटवला. दोघींची ओळख कुठल्याशा प्रशिक्षण वर्गात झाली. दोन तरुण नोकरदार बायकांना एकेकट्या खोल्या मिळेनात, म्हणून दोघींनी मिळून घर घेतलं. ते कायमचंच झालं. गल्लीत कोणी त्यांना बहिणी म्हणे, कोणी मामे-आतेबहिणी. दोघींनी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

एकमेकींना त्या आडनावानं हाक मारायच्या. प्रशिक्षण वर्गातल्या हजेरीची सवय घरातही राहिलेली. बाई फाटकातून आत पाऊल टाकताना आवाज देत, “साबळेऽ!” आणि आतून उत्तर येई, “आले, गव्हाणे, आले. गाव गोळा करू नको.” मी इतकी घरं बघितली, नवरा-बायकोंच्या हाका ऐकल्या, पण त्या फाटकातल्या हाकेइतकं निवांत काही ऐकलं नाही.

सिंधूताई बाईंच्या विद्वत्तेची यथेच्छ टिंगल करायच्या. एकदा मी पेपर तपासायला गेले होते. सिंधूताई कैऱ्या चिरत बसलेल्या. म्हणाल्या, “काय गं गव्हाणे, तुझ्या पुस्तकाच्या हिशोबानं मी कोण? माझं तर लगीन झालेलं हाय.”

बाईंनी पेपरातून मान वर केली नाही. “वर्तन मोजणारा तुला एका खणात टाकेल. आकर्षण मोजणारा दुसऱ्या. आणि ओळख विचारायला येणारा तुझ्या हातचं लोणचं खाऊन रिकाम्या हातानं परत जाईल.”

“रिकाम्या हातानं कामून? बरनी देईन की.”

“साबळे, संमती देतेस का मग? सांगू वर्गात?”

सुरी थांबली. सिंधूताईंचं हसू थोडं उतरलं. “आता नाय गव्हाणे. शाळंत पोरींचे आईबाप हायेत. रिटायर होऊ दे.”

बाई “बरं” म्हणाल्या आणि पुढचा पेपर ओढला.

हा प्रश्न आणि हे उत्तर मी पुढं कितीदा तरी ऐकलं. ज्या वर्षी कोर्टानं अशा नात्यांना गुन्हा ठरवणारं ते जुनं कलम काढून टाकलं, त्या संध्याकाळी बाईंनी बालूशाही आणली आणि विचारलं. सिंधूताई म्हणाल्या, “गुन्हा गेला म्हंजी लोकांची तोंडं गेली का?” रिटायर झाल्यावर विचारलं, तर दत्ताच्या पोरीचं लग्न व्हायचं होतं. दत्ता म्हणजे गावाकडचा भाचा, भावाचा मुलगा. त्याच्या शिक्षणापासून सगळं सिंधूताईंनी केलेलं. शहराचं नाव बदललं, बसच्या पाट्या बदलल्या, तेव्हा सिंधूताईच म्हणाल्या, “गावाला दुसरं नाव भेटलं बघ. आपलं पहिलंच ठेवायचं ऱ्हायलंय अजून.” बाईंनी लगेच विचारलं, “ठेवू?” “पोरीचं बाळंतपन होऊ दे,” म्हणाल्या. दोघी हसल्या. मला मात्र त्या दिवशी बाईंच्या हसण्यात दम दिसला नाही. त्या थकत चालल्या होत्या. त्यांना जगाकडून काही नको होतं; एकदा, फक्त एकदा, सिंधूताईंच्या होकारानं, मोकळ्या आवाजात ते वाक्य बोलायचं होतं.

मी एकदा चिडून म्हटलंही, “बाई, अर्धं तुमचं आहे ना? तुमचं तुम्ही सांगा.”

“माझं अर्धं सांगितलं की तिचं आपोआप सांगितलं जातं. ती चोरी झाली,” बाई म्हणाल्या. 

याच काळातली एका चर्चासत्राची गोष्ट. मोठ्या शहरातून एक तरुण विद्वान आले होते. पडद्यावर रंगीत वर्तुळं, अमुक ओळखीचे इतके, तमुक ओळखीचे इतके. खाली बारीक अक्षरात ओळ होती: ‘उत्तर न देणारे वगळले.’ बाई मागच्या रांगेतून उठल्या.

“वगळले म्हणजे कुठं ठेवले?”

विद्वान गोंधळले. “मॅडम, त्यांच्याकडून माहितीच आलेली नाही.”

“‘सांगत नाही’ ही माहिती नाही? घाबरून न सांगणारा, दुसऱ्यासाठी न सांगणारा, शब्दच माहीत नाही म्हणून न सांगणारा, सगळे एकाच पोत्यात घातले आणि पोतं बाहेर ठेवलं. उरलेल्यांची टक्केवारी काढली. वर्तुळ पूर्ण दिसतंय, छान दिसतंय.”

सभागृहात हशा झाला, पण बाई हसत नव्हत्या.  त्या खाली बसल्यावर मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी हळूच काढून घेतला.

मग तो हिवाळा आला.

सिंधूताईंना आधी साधा खोकला झाला. मग ताप. मग छातीत पाणी. एका दुपारी बाईंचा फोन आला, “जयश्री, साबळेला दवाखान्यात आणलंय. ये.” मी पोचले तेव्हा सिंधूताईंना अतिदक्षता विभागात नेलं होतं आणि बाई काउंटरवर उभ्या होत्या. श्वासाची नळी घालायची होती, घाई होती. काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढं केला. “संमतीपत्र आहे. पेशंटच्या कोण तुम्ही?”

मी बाईंच्या शेजारीच होते.  आयुष्यभर ज्या बाईंनी पोरांना व्याख्येतला एक चुकीचा शब्द माफ केला नव्हता, त्या म्हणाल्या, “बहीण.”

आणि सही केली.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळी आम्हा दोघींना आत सोडलं. सिंधूताई नळ्यांमध्ये अगदी लहान दिसत होत्या. डोळे अर्धवट उघडे. बोटाच्या पेराशी हिरवा रंग तसाच राहिलेला. बाई वाकल्या, कानाशी तोंड नेलं आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, “साबळे, मी आलेय. आता सांगू का गं?”

सिंधूताईंची मान हलली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. खालून वर, थोडीशी.

बाहेर आल्यावर मी बाईंचे दोन्ही हात धरले. “बाई, हो म्हणाल्या! मान हलवली त्यांनी!”

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. “यंत्र श्वास भरतं तेव्हा मान हलते. मी बघत होते. त्याच्या आधीही दोनदा हलली होती.”

“नाही बाई, तुम्ही विचारल्यावरच—”

“तुला हवं होतं म्हणून तुला दिसलं,” बाई म्हणाल्या. “मला तर तुझ्याहून जास्त हवं होतं. म्हणूनच माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही.”

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. असले कसले नियम, जे आपल्याच माणसाच्या उशाशीसुद्धा सुटत नाहीत? आजही तो राग पुरता गेलेला नाही.

रात्र व्हायच्या आत दत्ता गावाहून आला, बायकोला घेऊन. साधा, कष्टाळू माणूस. आत्यासाठी डोळे रडून लाल झालेले. नर्सनं त्याला सांगितलं, “तुमच्या दुसऱ्या आत्या बसल्यात ना बाहेर, सही त्यांनीच केली.”

“मला एकच आत्या हाय,” दत्ता म्हणाला.

मग कागद पुन्हा निघाला. रक्ताचं माणूस आलं होतं, त्यामुळं सही नव्यानं झाली. आत जायचे दोन पास दत्ताकडं गेले. तो बाईंसमोर येऊन उभा राहिला. आवाजात उद्धटपणा नव्हता, नुसतं कोडं पडलं होतं त्याला.

“बाई, तुमी शिकवनारी मानसं. लहानपनापून मी तुमाला बघतोय. खोटं कामून बोलल्या?”

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. या प्रश्नाचंही उत्तर त्यांच्याकडं तयार होतं आणि तेही अर्धं दुसरीचं होतं.  दत्तानं हात जोडले. “तुमचे उपकार लई हायेत आमच्यावर. पन आता हे घरचं हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताई गेल्या. बाई तेव्हा खाली, औषधांच्या दुकानाशेजारच्या बाकावर बसल्या होत्या. वर काय झालं ते त्यांना दत्ताच्या बायकोच्या रडण्यावरून कळलं.

गाडी गावाकडं निघाली. “तुमी मागून या,” दत्ता म्हणाला. आम्ही भाड्याची गाडी करून मागून गेलो. फुलंब्री ओलांडली, मग मक्याची शेतं, मग गाव. वाटेत बाई एकच वाक्य बोलल्या: “घराची किल्ली घेतलीस ना?” किल्ली त्यांच्याच मुठीत होती.

आमच्या भागात बायका मयताला येतात त्या गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढत येतात. आणि हेल नुसता रडण्याचा नसतो. गेलेल्या माणसाला नात्यानं हाक मारायची, मग पुढचं. दारात तेच चाललं होतं. भावजय ऊर बडवत होती, “वन्संऽ ओ, आमाला टाकून कशा गेल्या ओऽ!” भाच्याची पोरगी, “आत्याआजीऽ गं!” चुलतबहिणी, “आक्काऽ गं माझे!” एकेक बाई यायची, तिचा शब्द उच्चारायची, आणि त्या शब्दाबरोबर बायका सरकून तिला जागा करून द्यायच्या. जवळच्या नात्याला उशाशी जागा, लांबच्या नात्याला पायथ्याशी.

गव्हाणे बाई अंगणात उभ्या राहिल्या. मी मागं होते. बायकांनी माना वळवून पाहिलं. ही कोण, काय म्हणून रडते, कुठं बसवायची, हे कळायची वाट बघत होत्या. दुष्टपणा कुणाच्याच नजरेत नव्हता. बाईंचे ओठ हलले. शब्द आला नाही. बहीण म्हणून बोललेलं खोटं कालच उघडं पडलेलं. खरं म्हणायचं तर परवानगी नाही. त्या कोरड्या डोळ्यांनी तशाच उभ्या राहिल्या.

“शहरातल्या बायांना रडूबी येईना,” कोणीतरी पुटपुटलं.

“शाळंतली मैतरीन हाय,” दुसरी म्हणाली. “बसा बाई, तिकडं सावलीला बसा.”

बाई सावलीला बसल्या नाहीत. पुरुषांनी तिरडी उचलली. चार पावलं गेली असतील, तेवढ्यात मला ती हाक ऐकू आली. ज्योतीनगरच्या फाटकातली. तीच पट्टी, तोच शेवटचा लांबवलेला सूर.

“साबळेऽ!”

तिरडीला खांदा दिलेले चौघंही साबळे. मागं चालणारे साबळे, कट्ट्यावर बसलेले म्हातारे साबळे, सगळी भावकीच साबळ्यांची. एवढ्या सगळ्यांनी वळून पाहिलं. दत्तानं मडकं सावरत विचारलं, “काय बाई?”

जिला हाक होती तिनं तेवढं वळून पाहिलं नाही. बाईंनी हातानंच “काही नाही, चला” अशी खूण केली. लोक पुढं गेले.

परत आलो तर ज्योतीनगरच्या घराच्या पायरीवर शेजारच्या शमीमआपा बसलेल्या. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, सिंधूताईंच्या पत्त्यांतल्या भिडू. मांडीवर झाकलेलं ताट. “बाई, चूल नक्को पेटाव. तीन दिन खाना मेरे घर से आएगा. मय्यत के घर में ऐसाच होता.” बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मयत गावाला झालं होतं, दुखवट्याची भाकरी गावाला दत्ताच्या दारात गेली होती. या दाराला मयताचं घर म्हणणारं पहिलं माणूस हे. बाई पायरीवर बसल्या आणि आपांच्या खांद्याला डोकं टेकवून रडल्या. काही हेल नाही, शब्द नाही. मी किल्ली घेऊन दार उघडलं.

पुढं बाई कोणाकडं फारशा गेल्या-आल्या नाहीत. फाटकाशी आल्या की थोडं थबकायच्या, मग कडी स्वतः काढायच्या. दत्ता एकदा येऊन आत्याची कपड्यांची पेटी घेऊन गेला. रंग आणि कुंचले, “हे काय कामाचं नाय,” म्हणून सोडून गेला. बाईंनी ते कपाटात ठेवले.

बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण तो चहाचा तास मी दरवर्षी त्यांच्याकडूनच घ्यायची. त्या वर्षी विचारायचा धीर होत नव्हता. त्यांनीच फोन केला, “या वर्षी मला बोलवायचं नाही का?”

आल्या. तीच इस्त्री, भुवईवर तोच खडू. आवाज मात्र खाली गेलेला. मागच्या बाकांना कान द्यावा लागत होता. चहा झाला, हशा झाला, तीन शब्द फळ्यावर आले. नियम सांगून झाले. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. टगेपणा नव्हता तिच्यात, ती स्वतःच घाबरलेली होती. स्वतःसाठीच काहीतरी शोधत होती, असं मला वाटलं.

“मॅडम, मग तुम्ही?”

मी तिला खाली बसवायला उठले. बाईंनी हातानं मला थांबवलं. तळहात वर करून घड्याळ पाहिलं. उगीचच पाहिलं असावं.

“पूर्वी हा प्रश्न आला की मी सांगायची, माझं उत्तर अर्धं दुसऱ्या माणसाचं आहे, संमती मिळाली की सांगेन,” त्या म्हणाल्या. “खूप वर्षं विचारत होते. जिची संमती हवी होती, ती गेली. गेलेल्या माणसाची संमती घेता येत नाही. तेव्हा माझ्यापुढं ‘उत्तर नाही’ असं लिही.”

 मुलीचे डोळे भरले. “सॉरी मॅडम,” ती म्हणाली.

बाईंनी फळा पुसला. डस्टर जागेवर ठेवलं, पर्स खांद्याला लावली आणि दाराशी गेल्या. तिथून वळून त्यांनी त्या मुलीकडं पाहिलं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत बाई गेल्या. मी त्यांना नीट उभं पाहिलं ते तेव्हाच शेवटचं, दाराच्या चौकटीत, खडूनं पांढरी झालेली बोटं पदराला पुसताना.

“लिही तसं,” त्या म्हणाल्या. “फक्त वगळू नको.”